शाळेतून मुलांची माहिती फुटली तर: नागपूरच्या पालकांसाठी कायदेशीर मार्ग

माहिती फुटल्याचे बहुतेक वेळा फोनवरून कळते. अनोळखी माणूस मुलाचे पूर्ण नाव, तुकडी, आईचा मोबाइल आणि व्हॅनचा थांबा एका दमात सांगतो, आणि ‘फीचा परतावा आलाय, लिंकवर खाते क्रमांक भरा’ म्हणतो. कधी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर अख्ख्या वर्गाची एक्सेल शीट येऊन पडते. कधी शाळाच दोन ओळींचा निरोप धाडते की सर्व्हरवर हल्ला झाला.

अशा वेळी पहिला प्रश्न असा असावा की आपल्याला नेमके काय हवे आहे. पोलीस आरोपी शोधतात, भरपाई देत नाहीत. भरपाईचा अर्ज मुंबईत मंत्रालयातल्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जातो. नवे माहिती संरक्षण मंडळ शेकडो कोटींचा दंड करू शकेल, पण तो रुपयान् रुपया सरकारजमा होईल. शाळेला जाब विचारायचा अधिकार शिक्षणाधिकाऱ्यांचा. ही दारे वेगवेगळी आहेत. चुकीच्या दारावर तीन महिने गेले तर तेवढ्यात पुरावा पुसला जातो, म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

आधी काय फुटले ते ठरवा

कागद घ्या आणि प्रवेशाच्या वेळी शाळेला काय काय दिले होते ते आठवून लिहा. साधारणपणे जन्मदाखला, आधारची प्रत, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीसाठी पासबुकाचे पहिले पान, आरोग्य तपासणीचे कार्ड, बोटाच्या ठशाची हजेरी आणि फोटो. आरटीईच्या 25 टक्के कोट्यातून प्रवेश असेल तर घरभाड्याचा करारनामासुद्धा.

ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण अर्ध्या दाव्याचे भवितव्य तिच्यावर आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधले भरपाईचे कलम 43-अ फक्त ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ला लागू होते, आणि 2011 च्या नियमांनी तिची यादी ठरवून दिली आहे: पासवर्ड, बँक खाते किंवा कार्डाचा तपशील, शारीरिक-मानसिक आरोग्य, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बायोमेट्रिक. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि गुण या यादीत नाहीत. जातही नाही. म्हणजे फक्त नावे आणि फोन नंबर फुटले असतील तर 43-अ खालचा अर्ज लंगडा पडतो. पासबुक, आरोग्य कार्ड किंवा बोटांचे ठसे फुटले असतील तर अर्जाला बळ येते.

माहिती कोणाच्या ताब्यातून गेली हेही शोधा. आज मुलाची नोंद एकट्या शाळेच्या कपाटात नसते. ती सरकारच्या सरल आणि यूडायस प्लस या शालेय नोंदींच्या प्रणालींवर असते, अपार या विद्यार्थी ओळख क्रमांकाला जोडलेली असते, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर असते. शिवाय फी भरायचे अॅप, बसचा जीपीएस आणि स्नेहसंमेलनाचा फोटोग्राफर आहेतच. फी-अॅपच्या कंपनीकडून गळती झाली असेल तर खरा प्रतिवादी ती कंपनी. 43-अ ‘बॉडी कॉर्पोरेट’ला लागू होते, आणि कंपनी त्या व्याख्येत सरळ बसते. धर्मादाय ट्रस्टची शाळा बसते की नाही यावर वाद घालता येतो आणि शाळेचा वकील तो घालतोच. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा तर त्या व्याख्येत बसणे अवघडच. शक्य तिथे कंपनी आणि संस्था दोघांनाही प्रतिवादी करा.

पुरावा

स्क्रीनशॉट काढा, पण त्यात पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ आणि वेबपान असेल तर पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. गप्पांचा अर्धा कापलेला तुकडा न्यायालयात उपयोगाचा नाही. व्हॉट्सअॅपवरचे संभाषण ‘एक्स्पोर्ट चॅट’ने स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. ज्या फोनवर संदेश आला तो फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा भाग अ तुम्ही भरता, भाग ब तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हीत फाइलचा हॅश (फाइल बदलली नसल्याचे दाखवणारा संगणकीय ठसा) लिहायचा असतो. मूळ फोन हाताशी असेल तर हे काम सोपे जाते.

फुटलेली फाइल मात्र स्वतः शोधून डाउनलोड करू नका, आणि ‘बघा किती भयंकर आहे’ म्हणून दुसऱ्या गटावर पुढे तर अजिबात पाठवू नका. त्यात इतरांच्या लेकरांचे पत्ते आहेत. ती पसरवणारा पालक स्वतःच तक्रारीत आरोपी म्हणून ओढला जाऊ शकतो. गटावर आलेल्या शीटमधली आपल्या मुलाची ओळ दिसेल असा एक स्क्रीनशॉट पुरे. त्यातली इतर नावे झाका, मूळ संदेश फोनवर राहू द्या आणि गटाच्या अॅडमिनला तो सर्वांसाठी काढून टाकायला सांगा.

शाळेला पत्र, पहिल्या आठवड्यातच

घाईचे कारण असे की सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी संगणक प्रणालीचे लॉग (कोणी केव्हा काय केले याच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे असतात आणि घटना कळल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला कळवायची असते. सहा महिने उलटल्यावर ‘लॉग राहिले नाहीत’ हे उत्तर कायद्याने बरोबर ठरते. लॉग जपून ठेवा असे लेखी सांगितलेले असले की तेच उत्तर संशयास्पद होते.

मजकूर असा चालेल:

‘मा. मुख्याध्यापक यांस, माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता … तुकडी … मध्ये शिकत आहे. दिनांक … रोजी त्याची पुढील माहिती अनधिकृत व्यक्तीकडे असल्याचे आढळले: … . सोबत पुरावा जोडला आहे. कृपया लेखी कळवावे: 1) माझ्या पाल्याची कोणती माहिती, कोणत्या प्रणालीतून, केव्हा बाहेर गेली, 2) ही माहिती आपण कोणत्या कंपन्यांना वा व्यक्तींना दिली होती, आणि त्यांच्याशी झालेल्या करारातील माहिती सुरक्षेची कलमे, 3) सर्ट-इन व पोलिसांना कळवले असल्यास दिनांक व संदर्भ क्रमांक, 4) तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व ईमेल. संबंधित सर्व लॉग, ईमेल व बॅकअप तपास पूर्ण होईपर्यंत नष्ट करू नयेत. आपले उत्तर 15 दिवसांत अपेक्षित आहे.’

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. कारकून शिक्का द्यायला टाळाटाळ करत असेल तर वाद न घालता जीपीओत जाऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच मागा. जुनी रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. तेच पत्र ईमेलनेही पाठवा. अॅपची कंपनी असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळे पत्र द्या. 2011 च्या नियमांप्रमाणे त्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते.

लेकराला त्रास होईल या धास्तीने कित्येक पालक हे पत्र देतच नाहीत. ही धास्ती खरी आहे. पण आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम 16), मानसिक छळालाही बंदी आहे (कलम 17). तरीही एकट्याने जाण्यापेक्षा पाच-दहा पालकांनी एकाच दिवशी, पण प्रत्येकाने स्वतःच्या पाल्याचे वेगळे पत्र द्यावे. पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय घ्यायला लावून इतिवृत्ताची प्रत मागावी. सामूहिक निवेदनावर पन्नास सह्या चांगल्या दिसतात, पण कोणाचे काय फुटले हे त्यात लिहिलेले नसते.

‘माहिती परत मिळाली, हॅकरने ती नष्ट केली’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. अमेरिकेत पॉवरस्कूल या शालेय सॉफ्टवेअर कंपनीतून डिसेंबर 2024 मध्ये कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या नोंदी चोरल्या गेल्या. शिरकाव झाला तो चोरलेल्या लॉगिनने, मदत-पोर्टलमधून. कंपनीने खंडणी भरली, डेटा नष्ट केल्याचे आश्वासन मिळाले, आणि मे 2025 मध्ये शाळांना पुन्हा धमक्या येऊ लागल्या.

पैसे जाण्याआधी

एमआधार अॅपवर आई-वडिलांचे आणि मुलाचे बायोमेट्रिक लॉक करा. त्यामुळे अंगठा लावून पैसे काढण्याची फसवणूक थांबते. आधारच्या वापराचा इतिहास तिथेच पाहा. मुलाच्या शिष्यवृत्तीच्या खात्याला कोणाचा मोबाइल जोडलेला आहे ते बँकेत जाऊन तपासा. बरेचदा जुना, बंद पडलेला क्रमांक निघतो आणि एसएमएस कुणालाच येत नाही. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. पालकांच्या पॅनची प्रत फुटली असेल तर क्रेडिट अहवाल मागवा. असे अहवाल देणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत तोटा सोसावा लागतो. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवण्याआधीचे नुकसान आपलेच, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

पोलीस

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केल्यावर जो क्रमांक मिळतो तो पोचपावतीचा असतो. तो एफआयआर नव्हे. एफआयआरसाठी शहरात राहणाऱ्यांनी नागपूर शहर सायबर पोलीस ठाण्यात किंवा आपल्या हद्दीच्या ठाण्यात जावे. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेककडच्या पालकांनी नागपूर ग्रामीण पोलिसांकडे. ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्याने नोंद घेऊन ती पुढे पाठवायची असते, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 78 सांगते. फिर्याद देताना तपास कोणाकडे असेल हे विचारून घ्या.

फिर्यादीत कलमांचा पाढा वाचायची गरज नाही, घटना तारीखवार लिहा. तरी कोणते कृत्य कशात बसते हे माहीत असावे. प्रणालीत घुसून माहिती काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 मध्ये येते. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरणे 66-क, शाळेचा माणूस असल्याचे भासवून ऑनलाइन फसवणे 66-ड. करारापोटी मिळालेली माहिती गैरफायद्यासाठी तिसऱ्याला देणे 72-अ, आणि याद्या विकणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हेच कलम नेमके आहे. पैशांसाठी धमकी आली तर भारतीय न्याय संहितेतली खंडणी. मुलाच्या फोटोत छेडछाड करून अश्लील काही केले असेल तर पोक्सो आणि 67-ब. तिथे वाट पाहू नका. त्याच दिवशी पोलीस, 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, आणि त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे चित्र काढण्याची मागणी. अशा चित्राचा स्क्रीनशॉटसुद्धा फिरवायचा नाही. फोन थेट पोलिसांना दाखवायचा.

तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. म्हणून ‘चौकशी चालू आहे’ या उत्तराला 14 दिवसांची मर्यादा आहे. त्यानंतरही नोंद नसेल तर शहरात पोलीस उपायुक्त किंवा आयुक्तांना आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार, आणि तरीही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली अर्ज. शेवटच्या पायरीवर आधीच्या दोन्ही पायऱ्यांच्या पावत्या मागितल्या जातात.

भरपाई

न्यायनिर्णय अधिकारी म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव. 5 कोटींपर्यंतचे दावे त्यांच्याकडे चालतात आणि त्या हद्दीत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. 2003 च्या नियमांप्रमाणे अर्जाचे 50 रुपये आणि मागितलेल्या रकमेवर चढते शुल्क असते: 10 हजारांपर्यंत दहा टक्के, 50 हजारांच्या दाव्याला 3,000 रुपये, एक लाखाला 5,000, आणि लाखाच्या वर दोन टक्के. म्हणजे दोन लाखांच्या दाव्याला 7,050 रुपये. निकाल शक्यतो चार, फार तर सहा महिन्यांत द्यावा असे नियम सांगतो. प्रत्यक्षात जास्त लागेल असे धरूनच तयारी करा. निकालावर 45 दिवसांत दिल्लीच्या टीडीसॅट या अपील न्यायाधिकरणाकडे अपील.

अर्ज फसतात ते एकाच जागी: नुकसानीचा हिशेब नसतो. 43-अ ला नुसता निष्काळजीपणा पुरत नाही, त्यामुळे झालेली गैरवाजवी हानी किंवा कोणाला झालेला गैरवाजवी लाभ दाखवावा लागतो. ‘आम्हाला मनस्ताप झाला’ एवढ्यावर रक्कम मिळणे कठीण. खात्यातून गेलेले पैसे, मुलाच्या समुपदेशनाची बिले, बुडालेली रोजी, बँकेचे शुल्क, सगळ्याची पहिल्या दिवसापासून वही ठेवा. दुसऱ्याचा लाभही चालतो: यादी विकून कोणी पैसे कमावल्याचा पुरावा मिळाला तर तो जरूर जोडा.

आणखी एक घड्याळ चालू आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्याची मुख्य कलमे 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील आणि त्याच वेळी 43-अ वगळले जाईल. नव्या कायद्यात पीडिताला भरपाईची तरतूद नाही. आमच्या मते पालकांच्या दृष्टीने ही त्या कायद्यातली सर्वात मोठी उणीव आहे. ज्यांचे पैशांचे नुकसान झाले आहे त्यांनी अर्ज त्याआधी दाखल करावा, पुढे बघू म्हणू नये.

नव्या कायद्याचे फायदेही आहेत. 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळणीयोग्य संमती लागेल. माहिती फुटल्यास प्रत्येक बाधिताला विनाविलंब कळवावे लागेल आणि मंडळाला 72 तासांत तपशील द्यावा लागेल. सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटींपर्यंत दंड. मंडळाकडे जाण्याआधी संस्थेच्या तक्रार निवारणाची पायरी ओलांडावी लागेल, म्हणजे शाळेला दिलेले पत्र तिथेही कामी येते.

ग्राहक आयोगाचा विचार बरेच जण आधी करतात. शाळेविरुद्ध तो रस्ता कच्चा आहे: राष्ट्रीय आयोगाने 2020 च्या मनू सोळंकी प्रकरणात शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवल्या. पण त्याच निकालाने कोचिंग क्लासेसना ती सवलत दिली नाही. नीट-जेईईच्या क्लासकडून माहिती गेली असेल, किंवा पालकाने पैसे मोजून घेतलेल्या अॅपकडून, तर नागपूर जिल्हा आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करा. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षे.

शाळेवर कारवाई

खासगी वा जिल्हा परिषदेची शाळा असेल तर जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (प्राथमिक किंवा माध्यमिक), महापालिकेची असेल तर मनपाचा शिक्षण विभाग. वर विभागीय शिक्षण उपसंचालक. तक्रारीत शिक्षा मागण्यापेक्षा चौकशी आणि अहवालाची प्रत मागा. तो अहवाल पुढे भरपाईच्या अर्जाला जोडता येतो. मुलाच्या हक्काचा भंग म्हणून राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते.

सरकारी आणि अनुदानित शाळेत माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. उत्तर 30 दिवसांत, नंतर पहिले अपील 30 दिवसांत, दुसरे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. नोव्हेंबर 2025 पासून वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद कडक झाली आहे, म्हणून ‘कोणत्या शिक्षकाने लॉगिन वापरले’ असे विचारू नका. ‘सरल प्रणालीचे लॉगिन वापरण्याबाबतचे आदेश व नोंदवहीचा नमुना, सॉफ्टवेअर पुरवठादाराशी झालेल्या कराराची प्रत’ असे मागा. विनाअनुदानित शाळेबाबत अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे करा: कायद्याने त्यांना शाळेकडून जी माहिती मिळवता येते, ती मागण्याचा हक्क आहे.

सरकारी यंत्रणेतूनच गळती झाली आणि कोणी दखल घेत नसेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. याचिकेला आधार 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा, ज्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या नऊंत आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. नुकसानीचे तपशील साक्षी-पुराव्याने सिद्ध करण्याची ही जागा नव्हे. यंत्रणेला हलवण्यासाठी, चौकशीचा आदेश मिळवण्यासाठी ती आहे.

वकील आणि खर्च

‘भरपाईतून वीस टक्के द्या, आधी काही नको’ म्हणणाऱ्या वकिलापासून दूर राहा. भारतात वकिलांना निकालावर ठरणारी फी घेण्यास मनाई आहे. सगळ्या पालकांचा दावा एकसारखा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1 नियम 8 खाली काही जण सर्वांच्या वतीने जाऊ शकतात, पण नुकसान प्रत्येकाचे वेगळे असेल तर वेगवेगळे अर्ज बरे.

फी परवडत नसेल तरी थांबायचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. म्हणून अर्ज वडिलांच्या नावाने न करता मुलाच्या नावाने करा: ‘अज्ञान, अ.पा.क. आई’, म्हणजे मूल सज्ञान नसल्याने त्याच्या वतीने आई. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, मोफत विधी सेवेचा मदत क्रमांक 15100. जाताना मुलाचा जन्मदाखला, बोनाफाईड, आईचे ओळखपत्र, शाळेच्या पत्राची शिक्का असलेली प्रत, सायबर पोर्टलची पोचपावती, खर्चाची वही आणि ज्यावर संदेश आला तो मूळ फोन सोबत न्या.